महांतप्पाचं नाव

तामलवाडी,
६ नोव्हेंबर १९४९

चि. नीलम्मा हिस,

अण्णाचे अनेक आशीर्वाद. भाऊबीजेला आलो नाही म्हणून तू रुसली असशील. पण सरकारनं आम्हां मास्तरांना नव्या कामाला जुंपलं आहे. मतदारांची यादी करायची. शाळा सुटली की वही बगलेत मारून मी दारोदार फिरतो. एकवीस वर्षं पुरी झालेला गडी असो की बाई, जमीन असो की नसो, अक्षरओळख असो की नसो, सगळ्यांची नावं लिहायची. देशमुखांचं नाव आणि वेशीबाहेरच्या वस्तीतल्या माणसाचं नाव एकाच वहीत, एकाखाली एक.

लोक फार बिचकतात. निजामाच्या राज्यात आपलं नाव कागदावर चढलं की समजायचं, लेव्हीचं धान्य न्यायला माणसं येणार, नाहीतर चावडीवर बोलावणं. ती धास्ती अजून गेलेली नाही. बलभीम तेल्याला पाच लेक आहेत. त्यानं दोनच सांगितले.

बायकांचं तर विचारू नको. "नाव काय?" म्हटलं की, "बलभीमची बायको." "तुझं स्वतःचं नाव?" "तेच की." आतून त्याची म्हातारी म्हणाली, "नाव कळून काय करनार मास्तर? हाक मारनार हाईस व्हय?" सगळं घर हसलं. मीही हसलो. पण तहसिलीतून हुकूम आला आहे, की 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' असं लिहिलेलं चालणार नाही, ती नावं कापली जातील.

तुमच्या सास्तूरलाही कुणी मास्तर येईल. तू आपलं नाव स्पष्ट सांग. तुझ्या सासूबाईंनाही सांगायला लाव.

तुझा,
शिवलिंगप्पा

*

सास्तूर,
१४ नोव्हेंबर १९४९

तीर्थरूप अण्णांस,

नीलम्माचा शिरसाष्टांग नमस्कार. तुमचं पत्र आलं त्याच दिवशी आमच्याकडं भीमाशंकर मास्तर वही घेऊन आले. मी माझं नाव सांगितलं. त्यांनी लिहिलं, आणि मी वाकून बघितलं. 'म्मा'ला एक काना कमी पडला होता तो घालून घेतला. मास्तरांना हसू आलं.

सासूबाईंनाही सांगायला लाव म्हणालात, पण अव्वा काही केल्या नाव सांगेनात. "महांतप्पाची आई म्हनून लिहा. म्या तीच हाय." मास्तरांनी तीनदा विचारलं. शेवटी अव्वा म्हणाल्या, "माज्या मालकानं मला नावानं हाक मारली न्हाई. गावानं न्हाई. मला लेक झाला तवा कुटं मला हाक मिळाली." मास्तरांनी तो रकाना तसाच कोरा ठेवलाय. पुढच्या महिन्याच्या अखेरीस पुन्हा येतो म्हणाले.

पण पत्र लिहायचं कारण दुसरं. घरातले गडीमाणूस कोण म्हणून विचारलं, तेव्हा मी यांचं नाव सांगितलं. महांतप्पा गुरुसिद्धप्पा, वय तीस. मास्तर विचारतात, "कुठं आहेत?" आता काय सांगू? गेल्या वर्षीच्या ज्येष्ठात हे सरहद्दीवरच्या कॅम्पात गेले, रझाकारांशी लढायला. श्रावणात तुम्ही कळवलंत, की हे चार सोबत्यांबरोबर विजापूरकडं गेलेत, बरे आहेत. पुढं पोलिस ॲक्शन झाली, निजामाचं राज्य गेलं, गावचे दुसऱ्या कॅम्पांत गेलेले तिघं परत आले. हे तेवढे आले नाहीत. मी मास्तरांना तसंच सांगितलं. ते म्हणाले, वर्षात सहा महिने गावात राहिलेल्याचंच नाव लिहिता येतं.

अण्णा, हे असं कसं? ज्यांच्यामुळं हे मत मिळालं त्यांनाच मत नाही? तुम्ही यादीच्या कामातले आहात. काही वाट काढा.

आणि एक सांगू? तुम्ही एवढे मास्तर, पण वर्षभर माझ्या नावामागं 'सौ.' लिहायचं विसरता. अव्वांना वाचता येत नाही म्हणून बरं. नाहीतर त्यांच्या जिवाला किती लागलं असतं!

तुमची,
सौ. नीलम्मा

*

तामलवाडी,
२० नोव्हेंबर १९४९

चि. नीलम्मा हिस,

आशीर्वाद. भीमाशंकर मास्तर म्हणतात तो नियम बरोबर आहे. सहा महिन्यांचा रहिवास पाहिजे. तू आग्रह धरू नको. यादी दरसाल सुधारायची असते. पुढं नाव घालता येईल. आत्ता तुझं आणि अव्वांचं तेवढं होऊ दे.

इथलं काम कठीण होत चाललं आहे. नदीपलीकडचं एक गाव माझ्याकडं दिलंय. त्याचं नाव लिहीत नाही. तिथं ॲक्शननंतरच्या आठवड्यात काय झालं ते तू ऐकलं असशील. रझाकारांनी केलं त्याचा सूड, ज्यांनी काही केलं नव्हतं अशांवर निघाला. तिथल्या मुसलमान गल्लीत आता पाच घरं उघडी आहेत. एका घरात कुल्सुमबी म्हणून म्हातारी असते. तिचे तिन्ही लेक त्या आठवड्यात गेले. मी वही उघडली तशी ती उठून उभी राहिली. म्हणाली, "नक्को मास्तर. नावां नक्को लिखो. नावां लिखे की लोगां आते." आणि दार लावून घेतलं.

मी वही मिटून ओट्यावर बसलो. ही यादी तसली नाही, हे तिला कसं सांगावं ते मला सुचलं नाही. मग उठून आलो.

थंडी पडली आहे. जप.

शिवलिंगप्पा

*

सास्तूर,
२७ नोव्हेंबर १९४९

तीर्थरूप अण्णांस,

नमस्कार. वाट निघाली! मी स्वतः भीमाशंकर मास्तरांच्या घरी गेले, त्यांच्या बायकोला घेऊन बसले आणि मास्तरांना नियमाचा कागद वाचायला लावला. त्यात आहे, की दंग्याधोप्यामुळं ज्यांना गाव सोडावं लागलं त्यांना सहा महिन्यांची अट नाही. फक्त तो माणूस हयात आहे आणि गावी परतणार आहे असं दोन जबाबदार माणसांनी लिहून द्यायचं.

एक सही आमच्या पाटलांनी केली. दुसरी कुणाची, असं मास्तरांनी विचारल्यावर मी म्हटलं, माझ्या भावाची. त्यांनीच यांना शेवटचं पाहिलंय, ते स्वतः सरकारी मास्तर आहेत, त्यांच्याहून जबाबदार कोण? कागद सोबत घातलाय. खाली फुली केली आहे तिथं सही करा आणि उलट टपाली पाठवा. डिसेंबरअखेरच्या आत पोचायला पाहिजे.

अव्वांना सांगितलं तर त्या दिवसभर दारातच बसल्या. म्हणाल्या, "सरकारच्या कागदात नाव आलं म्हंजी सरकार हुडकून आनंल." मी त्यांना खोडून काढलं नाही. मलाही तसंच वाटतंय, अण्णा. खोटं कशाला बोलू?

सौ. नीलम्मा

*

सास्तूर,
९ डिसेंबर १९४९

तीर्थरूप अण्णांस,

बारा दिवस झाले. तुमचं उत्तर नाही, कागदही नाही. टपालवाला महादेवाच्या देवळापाशी दिसला की मी हातातलं काम टाकून जाते. आता तो लांबूनच हात हलवून नाही म्हणतो.

आजारी आहात का? की सही करायला भीता? पाटलांनी केली, त्यांचं कुणी काय केलं? की मी फार मागं लागले म्हणून रागावलात? तुम्ही दिवाळीला आला नाहीत, त्याआधी नागपंचमीला आला नाहीत. मी अव्वांना सांगते, अण्णांना शाळा असते. पण शाळेला सुट्टी असते हे अव्वांनाही कळतं.

अव्वांच्या माहेरी त्यांचा भाऊ गेला. आजारात चार निरोप आले. त्या गेल्या नाहीत. म्हणाल्या, "मी तिकडं अन् हितं महांतप्पा आला, घराला कुलूप बघून माघारी गेला तर?" सोळा महिने या घराला कुलूप लागलेलं नाही.

एवढी एक सही करा. यापुढं मी काही मागणार नाही.

सौ. नीलम्मा

*

तामलवाडी,
१५ डिसेंबर १९४९

नीलू,

तुझा कागद सही न करता परत पाठवतोय. हे पत्र एकटीनं वाच.

महांतप्पा हयात नाहीत. गेल्या वर्षी श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी, इथं तामलवाडीच्या शिवारात त्यांना गोळी लागली. विजापूरची गोष्ट मी बनवली. तुझ्या नावामागं 'सौ.' लिहायचं मी विसरत नव्हतो. लिहायला हात धजत नव्हता.

अर्धंच सांगून मोकळा होणार नाही. सगळं सांगतो.

कॅम्पातली माणसं सरहद्द ओलांडून यायची तेव्हा इथं कुणाच्या ना कुणाच्या घरी जेवायची. मी भाकरी पोचवत होतो. लिंबाजीच्या मळ्यात एक खोप होती. तिथं महांतप्पा आणि त्यांचे चार सोबती सहा दिवस होते. गुरुवारी पाचही जण निघाले. मी स्वतः त्यांना ओढ्यापर्यंत पोचवलं. महांतप्पा म्हणाले, "नीलूला सांगा, दिवाळीपर्यंत येतो."

सोमवारी रझाकारांना घेऊन निजामाचा पोलिस अमीन गावात आला. अकरा माणसं चावडीत बसवली. गावात उर्दू लिहिणारा मी एकटा. कागद माझ्यापुढं टाकला. "कॅम्पवाले कुठं कुठं राहतात त्या जागांची यादी लिही. नाही लिहिलीस तर गाव पेटवतो." खरी घरं चार होती. त्या घरांत लेकरं होती. मी विचार केला, जिथं कुणी नाही अशा जागा लिहाव्यात. पडकी चौकी लिहिली. ओढ्यावरचं देऊळ लिहिलं. आणि लिंबाजीची खोप लिहिली.

महांतप्पांना वाटेत ताप भरला होता. सोबत्यांना पुढं घालवून ते एकटे मागं फिरले होते. आदल्या दिवसापासून खोपीत पडून होते. लिंबाजी मला ते सांगायला शाळेत आला, तर मी चावडीत. त्याची माझी गाठच पडली नाही.

मी लिहिलेली तिसरी ओळ. अर्ध्या तासात आवाज ऐकू आला. तिकडं का आवाज येतोय, तिथं तर कुणी नाही, असंच मी म्हणत होतो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते लोक गेल्यावर लिंबाजीनं आणि मी त्यांना मळ्यात समाधी दिली.

तुला तेव्हाच का सांगितलं नाही? आधी मनाशी म्हटलं, दंगल शमू दे. मग म्हटलं, अव्वांना सोसणार नाही. ही सगळी नावापुरती कारणं. तू विचारशील, कसे गेले, आणि मला ती यादी सांगावी लागेल, हे एकच खरं. विजापूर लिहिलं त्या दिवशी वाटलं होतं, महिनाभरात खरं काय ते सांगू. मग जितके दिवस गेले तितकं अवघड झालं.

परवा मी कुल्सुमबीकडं पुन्हा गेलो. या खेपेस तिनं दार लावलं नाही. म्हणाली, "मेरे बच्चों के नावां लिखता क्या?" मी सांगितलं, मेलेल्यांची नावं यादीत घेता येत नाहीत. ती म्हणाली, "तो मर गये बोलके तो लिख. साल हो गया, सब बोलते चले गये, चले गये. कोई मुँह से मर गये नहीं बोलता. मैं कब तक दरवाजा देखूँ?"

मी घरी आलो आणि तुझा कागद काढून पुढं ठेवला. त्यावर लिहिलं होतं, 'हा इसम हयात असल्याचं मला खात्रीनं माहीत आहे.'

मी यादीचं काम सोडतोय. माझ्या हातानं कुणाचंही नाव लिहिलं जाऊ नये. तू मला काय म्हणशील ते मला कबूल आहे.

शिवलिंगप्पा

*

सास्तूर,
२९ डिसेंबर १९४९

शिवलिंगप्पा मास्तर यांस,

तुमचं पत्र येळवशीच्या अवसेला आलं. आम्ही शेतात होतो. कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडले होते, भज्जी, आंबील, सगळं केलं होतं. अव्वांनी लेकाचं ताट वाढून ठेवलं होतं, ते पाखरांना घातलं. तिन्हीसांजेला घरी आलो तर टपालवाला पत्र नुसत्या ओढून घेतलेल्या दाराच्या फटीत घालून गेला होता.

मी वाचलं. मग चूल पेटवली, दूध तापवलं, अव्वांना दिलं. तीन दिवस मी नेहमीची कामं उरकली. चौथ्या दिवशी सकाळी अव्वाच म्हणाल्या, "वाच." मी म्हटलं, काय? "ते पोलक्यात घालून हिंडतीस ते वाच."

वाचलं. तुमच्या यादीपर्यंत आले आणि थांबले. अव्वा म्हणाल्या, "फुडं." शेवटपर्यंत वाचलं. त्या रडल्या नाहीत. उठून दार लावलं. कडी घातली. मग भिंतीला टेकून बसल्या आणि तेव्हा अशा रडल्या, की शेजारच्या वाड्यांतून माणसं आली. माझ्या बांगड्या मी स्वतः फोडल्या. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही.

मला तुम्हाला काही गोष्टी सांगायच्या आहेत. त्यानंतर मी लिहिणार नाही.

खोपीचं मी समजू शकते. चार घरांतली लेकरं वाचावीत म्हणून तुम्ही रिकामी जागा लिहिलीत. तुमच्या जागी हे असते तरी त्यांनीही तेच केलं असतं. गोळी ज्यांनी घातली त्यांनी घातली. त्याचा दोष मी तुमच्या माथी मारत नाही.

पण सोळा महिने तुम्ही माझ्याकडून वाट बघून घेतलीत. रोज सकाळी मी कुंकू लावलं. रस्त्यानं पांढरा फेटा दिसला की पळत गेले. अव्वा भावाच्या मरणाला गेल्या नाहीत. आम्ही वाट बघतोय हे तुम्हाला माहीत होतं. मी पत्रातून सगळं लिहीत होते, आणि तुम्ही ते वाचून 'थंडी पडली आहे, जप' असं लिहीत होतात. हे मला समजत नाही. मी खूप प्रयत्न केला, अण्णा. समजत नाही.

भीमाशंकर मास्तर काल आले होते. मी पाटलांची सही असलेला कागद त्यांच्यासमोर फाडला. यांचं नाव घालू नका म्हटलं. त्यांनी अव्वांना विचारलं, "आजी, तुमचं नाव?" अव्वांनी दाराकडं पाहिलं. मग म्हणाल्या, "आता कुनाची आई म्हनून सांगू? लिहा. लक्ष्मम्मा." मी या घरात दहा वर्षं आहे. ते नाव मी पहिल्यांदा ऐकलं.

यादीचं काम तुम्ही सोडायचं नाही. तुम्ही सोडलंत तर त्या कुल्सुमबीच्या दारात दुसरा कोण दुसऱ्यांदा जाणार आहे? तुम्ही एक यादी लिहिलीत, आता ही पुरी करा, आणि खरी करा. हे मी माफ केलं म्हणून सांगत नाही.

अव्वांना यांच्या समाधीवर जायचं आहे. पौष सरायच्या आत आम्ही दोघी येतो. जागा लिहून कळवा. तुम्ही दाखवायला यायचं नाही. समोर यायचं नाही. अव्वा एवढंच विचारतात, की समाधी देताना यांच्या हातात इष्टलिंग दिलं होतं का?

नीलम्मा

*

तामलवाडी,
४ जानेवारी १९५०

नीलम्मा हिस,

लिंग दिलं होतं. त्यांच्या गळ्यातलंच काढून डाव्या तळहातावर ठेवलं. पद्मासनात बसवलं. विभूती मिळाली नाही, म्हणून मी माझ्या कपाळाची पुसून त्यांच्या कपाळाला लावली. बेलाची पानं लिंबाजीनं आणली. जंगम मिळाला नाही. मंत्र जेवढा मला येत होता तेवढा म्हटला. अव्वांना हे सगळं असंच सांग.

यादी पुरी करून तहसिलीत दिली. दोन्ही गावं मिळून सहाशे अठ्ठ्याण्णव नावं. एकाहत्तर बायका शेवटपर्यंत अमक्याची आई, अमक्याची बायको यावरून हलल्या नाहीत. त्यांच्यावर तिथं लाल रेघ मारली. मी तिसऱ्यांदाही त्यांच्या दारी गेलो होतो. बलभीमनं पाचही लेक सांगितले. त्याच्या बायकोचं नाव त्या एकाहत्तरांत आहे.

कुल्सुमबीनं नाव दिलं. मी ते लिहिलं आणि तिला वाचून दाखवलं. मग वेगळ्या कागदावर तिच्या तिन्ही लेकांची नावं लिहिली, पुढं 'मयत' लिहिलं, आणि खाली माझी सही केली. तो सरकारी कागद नव्हे, त्याचा काही उपयोग नाही, असं तिला सांगितलं. तिनं घडी घालून ओढणीत बांधला.

जागा कळवतो. सोलापूरच्या सडकेवर फाट्याला उतरा. लिंबाजी बैलगाडी घेऊन थांबेल. तू कोण हे त्याला सांगावं लागणार नाही. गावात शिरू नका. डाव्या हाताची गाडीवाट ओढ्यावर जाते. ओढा ओलांडला की तीन बाभळी लागतात, मग विहीर. विहिरीच्या पूर्वेला तुरीच्या रानाच्या बांधाला एक चौथरा आहे. गेल्या पावसात खचला होता, लिंबाजीनं पुन्हा रचला. वर नाव नाही. कोरायचं असेल तर लिंबाजी पाथरवटाला बोलावून ठेवेल. काय लिहायचं ते तुम्ही सांगा.

परत जाताना त्याच वाटेनं जा. दुसरी वाट जवळची आहे, पण ती शाळेवरून जाते.

शिवलिंगप्पा